वसतिगृहाचा नकाशा



वसतिगृहाचा नकाशा काढावयास बसले की पहिला प्रश्न निघतो तो खोल्या किती, हा. वास्तविक मुले एकमेकांस भेटणार कोठे, हे आधी ठरावयास हवे. मधे लांब बोळ आणि दोहों बाजूंस बंद दारे ही रचना स्वस्त पडते खरी, पण तिला कचेरीची कळा येते. लुई कान या अमेरिकन स्थापत्यकाराने १९६२ पासून अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेची रचना केली, तेव्हा वसतिगृहांत हा बोळच टाळला. दहा-दहा खोल्यांचे गट त्याने जिना व चहाची खोली यांभोवती मांडले. वर्गात सुरू झालेला वाद तेथे चहाबरोबर रंगावा!

परंतु नुसत्या भिंतींनी हे साधत नाही. कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीचे स्नान करण्याचे नाकारले, म्हणून विद्यार्थी भाऊराव पाटलांना स्वतःचे वसतिगृह सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. तेथे पाणी भरण्यापासून स्वयंपाकापर्यंतची कामे मुलेच करीत आणि एका पंगतीस जेवीत. १९२७ साली गांधीजींनी त्यास छत्रपती शाहूंचे नाव दिले.

सीमाभागातील आपली मुले-मुली कोल्हापूर-पुण्यास शिकावयास जातात. त्यांच्यासाठी वसतिगृह उभारताना खोल्या हातभर लहान झाल्या तरी चालतील. भोजनगृह आणि वाचनालय यांच्या जागेस मात्र कात्री लावू नये. आणि खोल्या वाटताना जात, तालुका पाहू नये. निपाणीच्या मुलाशेजारी भालकीचा मुलगा राहू द्या.