चित्र भिंतीवर पोचवणारे हात
(थेरगाव येथे भरलेल्या चित्रकार आणि मुद्रण-कारागिरांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



भिंतीवर लागणारी चित्रं, ती काढणारे हात आणि ती छापण्यासाठी तयार करणारे हात यांचा विचार करायला आपण एका मांडवाखाली आलो आहोत. या संमेलनाचं अध्यक्षपद मला दिलंत याबद्दल मी आयोजकांची मनापासून ऋणी आहे. हा मान मी छपाईपूर्व कामाच्या खोलीत बसणाऱ्या सगळ्यांच्या वतीनं स्वीकारते. चित्रावर चित्रकाराची सही असते, खालच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव असतं. या दोघांमध्ये ज्यानं रंग वेगळे केले, माप बसवलं, प्रूफ तपासलं, त्याचं काम मात्र कुणाच्या नजरेला पडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की छापलेलं चित्र उतरणार कसं, हे याच मधल्या टप्प्यावर ठरतं; आणि चित्रकाराचं नाव टिकणार की पुसलं जाणार, हेही याच टप्प्यावर ठरतं. म्हणून या टप्प्यावर बसलेल्या माणसाची जबाबदारी मोठी आहे.

हा विचार थेरगावात व्हावा याला कारण आहे. पवनेच्या काठच्या या गावात पदमजींच्या गिरणीत कागद तयार होतो. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात गाड्यांची नाममुद्रा, टाकीवरची स्टिकर्स, मीटरच्या तबकड्या, खोक्यांवरची छपाई अशी कामं गल्लीबोळांतल्या लहान लहान युनिटांत चालतात. आणि चिंचवड स्टेशनवर लोणावळ्याची लोकल पकडली, की त्याच मार्गावर मळवली लागतं. भारतातल्या घराघरांच्या भिंती ज्या छापखान्यानं बदलल्या, तो राजा रविवर्म्याचा छापखाना या मळवलीत होता.

त्याआधी पुण्यात चित्रशाळा सुरू झाली होती. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती काढली आणि देवादिकांची, पेशवाईतल्या पुरुषांची शिळाछापाची चित्रं सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. तोवर भिंतीवरचं चित्र वाड्यात नाहीतर देवळात असायचं. वाई-मेणवलीच्या वाड्यांतली भित्तिचित्रं पाहायची तर त्या वाड्याशी ओळख लागे. चित्रशाळेची चित्रं मात्र बाजारातून गुंडाळून घरी नेता येत होती.

रविवर्म्यानं १८९४ साली गिरगावात छापखाना सुरू केला. पुढे तो घाटकोपरला गेला आणि १८९९ साली मळवलीला आला. फ्रिट्झ श्लायशर हा जर्मन तंत्रज्ञ त्याचा आधार होता आणि नंतर तोच मालकही झाला. तिथली लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती यांची चित्रं आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेली आहेत. पण रविवर्म्याचं तैलचित्र कागदावर जात होतं ते कसं, हे आपण व्यवसायातल्या माणसांनी समजून घेतलं पाहिजे.

बव्हेरियातून आणलेल्या चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र उलटं काढायचं. दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी धरतं आणि तेलकट रेघेवर शाई धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एका चित्राला असे दगड अनेकदा डझनाहून जास्त लागत. गालावरची एक फिकट गुलाबी छटा आणायची तर कोणत्या दगडावर किती दाट ठिपके मारायचे, हे कारागिरानं तैलचित्राकडे पाहून मनातच फोडायचं. आज सॉफ्टवेअर एका क्षणात चार रंग वेगळे करतं. तेव्हा ती फोड माणसाच्या डोळ्यात होत असे. रविवर्म्याच्या रंगाचा अर्थ लावून तो दगडावर नव्यानं मांडणारे हे लोक कलावंतच होते. त्यांची नावं त्या चित्रांवर नाहीत. हा छापखाना १९७२ साली आगीत जळाला.

या छापखान्यासाठी काम केलेल्या एका माणसाचं नाव मात्र सगळ्या देशाला ठाऊक आहे. दादासाहेब फाळके जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. फोटोलिथो, हाफटोन ब्लॉक, छायाचित्रण ही सगळी अंगं त्यांनी हातात बसवली होती आणि रविवर्म्याच्या छापखान्यासाठी ते फोटोलिथोचं काम करत होते. १९०८ साली त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. तोच पुढे लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स म्हणून ओळखला गेला. रंगीत छपाईची माहिती घेण्यासाठी आणि यंत्रं आणण्यासाठी ते जर्मनीला गेले. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हा प्रकाश, काच, रसायन आणि चित्राची मांडणी यांची वर्षानुवर्षांची तालीम त्यांच्यापाशी होती. भारतीय चित्रपटाचे जनक आधी छपाईपूर्व कामाचे कारागीर होते, ही गोष्ट आपल्या मुलांना आपण अभिमानानं सांगायला हवी.

पुढच्या पिढीत गोव्यातून आलेल्या दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी मराठी घराची भिंत आणि मराठी मासिकाचं मुखपृष्ठ व्यापून टाकलं. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. मुळगावकरांची देवदेवता असलेली कॅलेंडरं तारखा संपल्यावरही लोकांनी चौकटीत बसवून ठेवली. मुळगावकरांचा तुषाररंगाचा मऊ पोत ब्लॉकच्या ठिपक्यात पकडायचा तर ब्लॉकमेकरला ॲसिडचा वेळ नेमका साधावा लागे. थोडा जास्त वेळ गेला की चेहऱ्यावरचं तेज उडालं.

आता आजच्या कामाकडे येते. सगळ्यात जास्त हाताळलं जाणारं आणि सगळ्यात जास्त बिघडवलं जाणारं भित्तिचित्र म्हणजे वारली. हॉटेलात, सोसायटीच्या लॉबीत, उड्डाणपुलाच्या खांबांवर, पडद्यांवर, कपबशांवर ते आहे. मुळात हे चित्र लग्नघराचं. कुडाच्या, शेणानं सारवून गेरूनं रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं सवाशिणी चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणलं आणि जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं.

छपाईच्या दृष्टीनं वारली चित्र फार अवघड आहे. वारली स्त्री पांढरं वरून लिहिते. आपल्या ऑफसेटमध्ये पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे कोरा राहिलेला कागद. म्हणजे वारली छापताना आपण आकृती छापत नाही, तिच्याभोवतीचा गेरू छापतो. हा गेरू चार रंगांच्या ठिपक्यांतून बनवला आणि रेघ अर्ध्या मिलिमीटरची असली, तर रजिस्टर दोन दशांश मिलिमीटर हलला तरी रेघेची जवळजवळ निम्मी जाडी रंगाखाली जाते. मग नाचणाऱ्यांचे हात तुटतात, तारप्याच्या रिंगणात फटी पडतात. उपाय आपल्या हातात आहेत. गेरूसाठी एकच मिसळून तयार केलेली शाई वापरावी, म्हणजे रेघेला चार बाजूंनी ओढाताण होत नाही. स्क्रीन प्रिंटिंग करणार असाल तर गेरू रंगाच्या कागदावर किंवा कापडावर दाट पांढरी शाई वरून मारा. त्या चित्राच्या मूळ रीतीच्या ते सगळ्यात जवळ जातं. यूव्ही मशीनवर पांढऱ्या शाईची सोय आहे, तिचा उपयोग करा. आणि चित्र जागेत बसत नाही म्हणून माणसं आडवी ताणू नका. माणसाच्या आकृतीतल्या दोन त्रिकोणांचं प्रमाण चित्रकारानं ठरवलेलं असतं.

दुसरा प्रश्न आपल्या भगव्याचा आणि केशरीचा. पडद्यावर तो प्रकाशातून दिसतो, कागदावर तो पिवळ्या आणि किरमिजी शाईतून येतो. पडद्यावरचा झळझळीत केशरी चार शाईंच्या आवाक्यात नाही. तो मळकट उतरल्यावर गिऱ्हाईक मशीनवाल्याला बोलतं. आधीच प्रूफ काढून दाखवलं, रंग गरजेचा असेल तर वेगळी शाई सुचवली, तर तो वाद होत नाही. प्रूफ ट्यूबलाइटखाली पाहू नका; पाच हजार केल्विनच्या प्रमाणित उजेडात पाहा.

तिसरी गोष्ट मूळ प्रतीची. चार फूट रुंद कॅनव्हासला व्हॉट्सॲपवरून आलेली, साधारण १६०० पिक्सेल रुंदीची प्रत लावली, तर एका इंचाला जेमतेम तेहतीस पिक्सेल मिळतात. दीडशे मिळाले तर भिंतीवरचं चित्र चांगलं दिसतं, हातात धरून पाहायच्या छपाईला तीनशे हवेत. चित्रकाराकडे जा, मूळ चित्राचा फोटो नीट काढा: दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे, शेजारी रंगपट्टी, कॅमेरा चित्राला समांतर. एकदा नीट काढलेला फोटो चित्रकाराच्या पुढच्या पिढीलाही कामी येतो. अजिंठ्याचं उदाहरण आपल्यासमोर आहे. तिथल्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी १८७२पासून केलेल्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ साली साउथ केन्सिंग्टनमध्ये जळाल्या. ग्रिफिथ्स यांचे दोन छापील खंड १८९६-९७ साली निघाले, म्हणून त्या कामाचा मोठा भाग अभ्यासकांना आजही पाहता येतो.

मित्रहो, फ्लेक्स आल्यावर आपल्यातल्या कितीतरी पेंटरांचं काम गेलं. दुकानाची पाटी, ट्रकची मागची बाजू, सिनेमाचं कापडी होर्डिंग रंगवणारे हात एका दशकात रिकामे झाले. या पेंटरांना अक्षर कळतं. शिरोरेषा किती जाड, वेलांटी कुठे वळते, ‘क्ष’ला किती जागा सोडायची, हे त्यांच्या मनगटात आहे. आज आपल्या फ्लेक्सवर मात्रा उडालेल्या, जोडाक्षरं फुटलेली, अक्षरं दाबून बसवलेली दिसतात. फॉन्ट कर्व्ह करून फाइल दिली तर निम्म्या चुका होणार नाहीत. उरलेल्या निम्म्या पाहायला पेंटरचा डोळा हवा. प्रत्येक मोठ्या युनिटनं एका तरी जुन्या पेंटरला अक्षर आणि रंग तपासण्यासाठी पगारावर घ्यावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्याचा अनुभव ही आपल्या व्यवसायाची गरज आहे.

आता नावाचा प्रश्न. १९५७चा कॉपीराइट कायदा चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षं त्याच्या चित्राला संरक्षण देतो. १९०६ साली गेलेल्या रविवर्म्याची चित्रं आज सगळ्यांची आहेत. पण दलाल १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली. त्यांच्या चित्रांवरचे हक्क अनुक्रमे २०३१ आणि २०३६ अखेरपर्यंत शाबूत आहेत. मशे यांच्या चित्रांवरचे २०७८ अखेरपर्यंत. याच कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क विकल्यावरही चित्र आपलं असल्याचं म्हणण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो आणि विपर्यास करून त्याच्या लौकिकाला बाधा आणली तर तो दाद मागू शकतो. इंटरनेटवरून चित्र उतरवायचं, सही खोडायची, रंग फिरवायचा आणि वॉलपेपर म्हणून विकायचं, हे कायद्याला धरून नाही आणि माणुसकीला तर नाहीच. सही खोडण्याचं ते काम आपल्याच टेबलावर होतं. म्हणून ते थांबवण्याची ताकदही आपल्याचकडे आहे.

पिंगुळीच्या ठाकर कलाकारांनी चित्रकथी पिढ्यानपिढ्या जपली. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत आज शेकडो हात चित्रं काढतात. या चित्रकारांकडून थेट चित्र घ्या, लिहून करार करा, किती प्रती काढणार ते आधी सांगा आणि प्रत्येक प्रतीमागे मोबदला द्या. गिऱ्हाइकालाही सांगा की हे चित्र कुणाचं आहे. नाव कळलं की किंमत देणारे लोक आपल्या शहरात आहेत.

चाकणच्या कारखान्यात आपण छापलेला स्टिकर शेड कार्डाशी जुळला नाही तर अख्खा लॉट परत येतो. तिथल्या लहानशा सुट्या भागावरही बॅच नंबर असतो, कारण तो कुणी, कधी, कुठे बनवला हे कळलं पाहिजे अशी शिस्त या पट्ट्यानं स्वीकारली आहे. ती शिस्त आपल्याला येते, आपण रोज पाळतो. तीच चित्राला लावूया. आजपासून आपल्या मशीनमधून भिंतीसाठी निघणाऱ्या प्रत्येक चित्राखाली एक ओळ असेल: चित्र कुणी काढलं, छपाईसाठी कुणी तयार केलं आणि कुठे छापलं. ही ओळ घालायला वेगळा खर्च येत नाही. ती नसेल तर फाइल मशीनवर चढवणार नाही, असं आपण सगळ्यांनी इथूनच ठरवून उठावं, ही माझी आपल्याला विनंती आहे.