सणासुदीचा प्रवास आणि कायद्याचा अंमल

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



गौरीगणपती, दिवाळी, शिमगा किंवा वैशाखातील लग्नसराई आली की आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे गावाची वाट धरतात. घराला कुलूप लागते आणि मुलेबाळे, वृद्ध माणसे व बोचकी यांसह आपण रात्रीच्या गाडीत बसतो. त्या एका रात्रीसंबंधी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

८ ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, यवतमाळहून मुंबईस निघालेली खासगी गाडी पहाटे नाशिक येथे अपघात होऊन पेटली. बारा जीव गेले. गाडीत क्षमतेहून पुष्कळ अधिक माणसे होती. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्यास जाणारी गाडी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक उलटून पेटली. पंचवीस प्रवासी गेले. कारणे निरनिराळी असतील. परंतु रात्र, निजलेले उतारू आणि बाहेर पडावयास न मिळालेली वाट ही दोहोंकडे सारखीच.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती झाली, तिच्यान्वये प्रत्येक जादा उतारूमागे दोनशे रुपये दंड आहे. साधे त्रैराशिक मांडून पाहा. सणाच्या दिवसांत रत्नागिरीपर्यंतचे भाडे हजाराच्या घरात जाते. म्हणजे एका जादा उतारूच्या भाड्यात पाचांचा दंड फिटतो! मालकाने तो खर्चाच्या वहीत आधीच मांडून ठेवला तर नवल ते काय?

परंतु त्याच कलमात दंडाहून मोलाची एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जादा उतारूंस उतरवून त्यांची दुसरी सोय केल्यावाचून गाडी हलू द्यावयाची नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आता हे कोठे साधेल? पोलादपूरच्या पुढे मध्यरात्री गाडी अडविली, तर तान्ह्या मुलासह बाईमाणसाला अंधारात कोण उतरविणार? तेथे निरीक्षक दंडाची पावती फाडतो आणि गाडी जाऊ देतो. त्यास तरी काय दोष द्यावा? म्हणून माझे म्हणणे असे की तपासणी रस्त्यावर नव्हे, गाडी सुटते तेथे व्हावी. बोरिवली, दादर, ठाणे, स्वारगेट येथे एस.टी.चे आगार वा स्थानक जवळ असते; दुसरी सोय करणे तेथेच शक्य आहे. गणेशोत्सवात कोकणच्या महामार्गावर अवजड मालगाड्यांस बंदी घालण्याचा प्रघात आहेच. सरकारने मनावर घेतले म्हणजे अंमल होतो, याचा हा पुरावा होय.

दुसरी गोष्ट चालकाची. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने दिवसाचे काम आठ तासांचे ठरविले होते. दूरच्या मार्गावर व सणावारी विशेष संमतीने ते वाढविता येई, पण दहा तासांच्या वर कदापि नाही. सणाची गर्दी ध्यानात घेऊनही कायदे करणाऱ्यांनी ही मर्यादा घातली होती. हल्ली दिवाळीत रात्री उतारू पोहोचवून सकाळी त्याच गाडीने परतणारा चालक आपण पाहतो, त्याच्या हाती चहाचा पेला देतो आणि आपल्या जागेवर जाऊन निजतो.

आणि आपण? निरीक्षकाने गाडी थांबविली की प्रथम ओरडतो तो उतारूच. “उशीर होतो, सोडा!” मधल्या मोकळ्या वाटेत स्टूल टाकून भाच्याला बसवा, असा आग्रह धरणाराही आपल्यातलाच. एस.टी.च्या दीडपटीहून अधिक भाडे खासगी गाड्यांनी घेऊ नये, असे शासनाने २०१८ साली ठरविले. ते मागितले तर तक्रार करणारे मात्र विरळा.

मंडळही दरवर्षी कुलदेवतेच्या यात्रेस गाड्या ठरविते. माझी उपसमितीस विनंती आहे की, भाड्याची घासाघीस करण्यापूर्वी गाडीचा परवाना व योग्यता प्रमाणपत्र पाहावे, दोन चालकांची नावे लिहून घ्यावीत आणि संकटकालीन दार स्वतः उघडून पाहावे. आसनांइतकीच नावे नोंदवावीत. चाळीस आसनांच्या गाडीसाठी एक्केचाळिसावे नाव घेऊन मी स्वतः आलो, तरी मला परत पाठवावे.