पेट्रोलची वाफ आणि श्रमिकांचे शरीर



पेट्रोल पंपावर जो उग्र वास येतो, तो बेन्झीन, टोल्युइन, झायलीन इत्यादी द्रव्यांच्या वाफेचा असतो. गिऱ्हाईक चार मिनिटांत निघून जाते. नळी हाती धरणारा श्रमिक मात्र दिवसभर तीच हवा घेत उभा असतो. बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे आता वादातीत आहे. परंतु शरीरातील संप्रेरकांवर या वाफेचा काय परिणाम होतो, याची चर्चा क्वचितच होते.

अमेरिकेच्या हवाई दलातील ६३ स्त्रियांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या उच्छ्वासात इंधनातील विशिष्ट हायड्रोकार्बनांचे प्रमाण अधिक होते, त्यांच्यात स्त्रीबीज बाहेर पडण्यास चालना देणारे संप्रेरक ऐन गरजेच्या दिवसांत कमी आढळले. अभ्यास लहान होता. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तथापि संशय रास्त ठरतो. अंतिम पुरावा मिळेपर्यंतची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न मात्र विज्ञानाचा नसून अर्थकारणाचा आहे. आज ती श्रमिक मोजतो. पाळी अनियमित झाली, तर दोष त्या स्त्रीच्या प्रकृतीला दिला जातो. तिच्या कामाच्या जागेकडे कोणी पाहत नाही.

वाफ अडविता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली ती परत खेचून घेणाऱ्या यंत्रणेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. पण नव्या पंपांसाठी कसोटी ठरविली ती पेट्रोलच्या विक्रीची व शहराच्या लोकसंख्येची. जणू कमी खपाच्या पंपावरील श्रमिकाचे फुप्फुस स्वस्त असते! २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता सामान्यतः दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होते. एकीकडे लिटर मोजले जातात, दुसरीकडे डोकी. लहान पंप दोन्हींतून निसटतो.

धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामांना मात्र दहाची ही अट आड येत नाही. म्हणून पेट्रोल भरण्याचे काम तसे अधिसूचित करावे, वार्षिक आरोग्यतपासणी मोफत व्हावी आणि गरोदरपणात वेतनकपातीविना दुसरे काम मिळावे, अशी मागणी झाली पाहिजे. मालकांचा सोपा उपाय स्त्रियांना कामावर न घेण्याचा असेल. त्याला ठाम विरोध करावा लागेल. वाफ पुरुषालाही सोडत नाही; हटवावयाची आहे ती वाफ, स्त्री नव्हे. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील पंपांवर जाऊन कामगारांची संख्या व कामाचे तास यांची नोंद करावी. लढ्याचा आरंभ तेथूनच होईल.