दुःख दोघांचे, भार दोघांनी वाहावा
(महिला मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही अशा दुःखाविषयी बोलणार आहोत, ज्याची आपल्या वस्तीत शोकसभा होत नाही. दिवस गेलेली सून दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत येते. मूल जन्मालाच आले नाही, म्हणून पुण्यानुमोदनही बहुधा होत नाही. चार दिवसांत सारे आपापल्या कामाला लागतात आणि ती मात्र आतल्या आत जळत राहते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हंडा उचलला, पपई खाल्ली, कोणी करणी केली, असे बोलले जाते. वैद्यकशास्त्र सांगते की, लक्षात आलेल्या १०० गर्भधारणांपैकी साधारण १० ते १५ पहिल्या काही महिन्यांतच थांबतात. त्यांतील निम्म्यांच्या आसपास गर्भात गुणसूत्रांचा दोष असतो. त्यात आईचा काय अपराध?

म्हणून पतीचे पहिले कर्तव्य हे की, घरात कोणी तिला बोल लावला, तर सर्वांसमक्ष सांगावे, "तिची काही चूक नाही." हे चार शब्द तिने स्वतः म्हणून चालत नाही; ते त्यानेच म्हणावे लागतात.

दुसरे कर्तव्य ऐकण्याचे. "झाले ते झाले, पुन्हा होईल" असे म्हणून विषय मिटवू नये. पुढचे मूल या मुलाची जागा घेत नाही. ती तीच गोष्ट दहा वेळा सांगेल. दहा वेळा ऐकावी. दिवस भरत आल्यावर मूल गेले, तर आईला पान्हाही फुटतो. त्या रात्री पतीने कूस बदलून झोपू नये.

तिसरे कर्तव्य कामाचे. पाणी भरावे, भाकरी टाकावी, औषधाची वेळ पाळावी. शेजारच्या बारशाला जाणे तिला जड वाटले, तर नकाराचा निरोप त्याने द्यावा.

बंधूंनो, दुःख तुम्हालाही होते. तिच्याजवळ बसून रडलात तर कमीपणा येत नाही. पण ते दुःख गुत्त्यावर नेले, तर घरात एकाची दोन दुःखे होतात.

बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार अपत्ये बालपणीच गेली. राजरत्न १९२६ साली गेला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभ विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने गर्भपातानंतर ६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. कंपनीत, कार्यालयात काम करणाऱ्या भगिनींनी डॉक्टरांचा दाखला देऊन ती मागावी. परंतु धुणीभांडी करणाऱ्या भगिनीला ही रजा कोण देणार? तिच्या विसाव्याची सोय घरच्यांनीच केली पाहिजे.

दोन आठवड्यांनंतरही झोप-जेवण सुधारले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. जगणे नको असे ती बोलू लागली, तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते.

येथून घरी गेल्यावर आपल्या गल्लीत अशी कोणी भगिनी असेल, तर तिला आणि तिच्या पतीलाही जरूर भेटा. उपदेश करू नका. नुसते शेजारी बसा.

जय भीम.