कोळशावरची माणसे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान नाही. गिरणीत घाम गाळला, वाचनालयात बसून चार पुस्तके वाचली, तेवढ्यावर बोलतो.

टिटवाळ्याहून लोकलने जाताना लहानपणी आम्ही ठाकुर्लीच्या चोळे पॉवर हाऊसची धुराडी बघत असू. रेल्वेने १९२९ साली ते कोळशावर सुरू केले, त्याच्या विजेवर लोकल धावल्या. १९८० च्या दशकात ते बंद पडले. लोकल काही थांबली नाही. वीज दुसरीकडून येते हो, पण कोळसा उपसणाऱ्याला दुसरीकडून मजुरी कोण देणार?

हे आम्हाला आमच्याच गिरणीत कळले. बॉयलर कोळशावरचा. ट्रकमधून कोळसा उतरवणारे, भट्टीत झोकणारे, राख ओढणारे, बहुतेक आपल्याच समाजाचे. वस्तीतल्या बाया राखेतले अर्धवट जळलेले कोळसे वेचून नेत, त्यावर घरची शेगडी पेटे. मग तेलावरचा बॉयलर आला. आम्हाला आनंदच झाला. धूर गेला, खोकला गेला! कायम कामगारांना दुसऱ्या खात्यात घेण्याचा करार झाला, त्यावर आम्हीही सही केली. उतरवणारे मात्र मुकादमाचे. त्यांची नावे मस्टरवर नव्हती, म्हणून करारातही नव्हती. सोळा जण होते. एकाने गेटवर विचारले, "दादा, आमचं काय?" आम्ही म्हटले, बघू. अजून बघतोच आहोत.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले. लगेच १९४४ साली खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर बसवायचा आणि त्यातून कामगारांची घरे, पाणी, दवाखाने करायचे. आधी जाऊन पाहिले, मग कायदा केला. आम्ही गेटच्या आतले पाहिले नाही!

विलायतेत सप्टेंबर २०२४ मध्ये कोळशावरचे शेवटचे वीजघर बंद झाले. आपल्याकडे एवढ्यात तसे होणार नाही, पण खाणी एकेक मिटणारच. चंद्रपूर, वणी, उमरेडकडे आपले सोयरे कोळशावर जगतात. १९७३ साली खाणी सरकारी झाल्या, कायम माणसाला पेन्शन आहे. ठेक्यावरच्याचे काय? तिकडे कुणाचे जावई, भाचे ठेक्यावर असतील त्यांना हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, पीएफचा नंबर जपून ठेवायला सांगा. पीएफचा फॉर्म कळत नसेल तर रविवारी संध्याकाळी कागद घेऊन विहारात या. आम्ही सातपर्यंत बसतो.

जयभीम!