संगणकातल्या खोल्या

(समुपदेशन केंद्रांतल्या कार्यकर्त्यांच्या संगणक शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय वाचून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. कुठलं ॲप कुठल्या डेस्कटॉपवर ठेवायचं, यावर बायकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्यांनी सकाळ कशाला घालवायची? पण आपलं निम्मं काम आता संगणकावर चालतं. येणाऱ्या बाईची गोष्ट आपण कपाटातल्या फायलीत जपून ठेवायचो. ती आता स्क्रीनवर उघडी असते.

आपल्या केंद्रातलं टेबल डोळ्यांपुढे आणा. बहुतेक ठिकाणी संगणक एकच. त्यावर एका बाईचा अर्ज अर्धवट टाइप केलेला, मागे टॅलीत हिशेब, बाजूला व्हॉट्सॲप, त्याखाली अंकाची प्रुफं. एवढ्यात दुसऱ्या एखादीचा नवरा, सासू, दीर बैठकीसाठी समोर येऊन बसतात. त्यांना पत्र दाखवायला आपण एक खिडकी पुढे घ्यायला जातो, आणि वर येते भलतीच. तिच्यात तिसऱ्याच कुणाचं नाव, गाव, मारहाणीची तारीख.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे. त्याच्या कलम 16 नुसार तक्रार आणि चौकशीतला मजकूर, तक्रारदार बाईची ओळख जाहीर करायला बंदी आहे. बलात्कारित स्त्रीची ओळख छापण्यावरही बंदी आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये ती आली. पण बाईनं आपल्यावर टाकलेला विश्वास कायद्यापेक्षा मोठा आहे. समोरच्या खुर्चीतून काय दिसतं हे पाहणं आपलं काम आहे.

आता डेस्कटॉपकडे येऊ. संगणक चालू केल्यावर जो मोकळा पट दिसतो तो डेस्कटॉप. असे एकापेक्षा जास्त पट एकाच स्क्रीनमागे ठेवता येतात. एका वेळी एकच दिसतो. कळ दाबली की दुसरा पुढे येतो. यांना व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी 1986 साली ‘रूम्स’ नावाच्या पद्धतीबद्दल लिहिलं. त्यांचा मुद्दा आपल्याला पटेल असा होता. स्क्रीन लहान, खिडक्या फार. माणसाचा वेळ कामापेक्षा खिडक्या हलवण्यातच जातो. म्हणून प्रत्येक कामाची खोली वेगळी करावी, आणि एका खोलीतून दुसरीत जायला दारं असावीत. जी वस्तू प्रत्येक खोलीत लागते तिच्यासाठी त्यांनी खिसा ठेवला होता. आपण किल्ल्या कनवटीला लावून घरभर फिरतो, तसं. पुढे ही सोय मॅकवर 2007 मध्ये आणि विंडोजवर 2015 मध्ये मुळातच मिळू लागली. लिनक्सवाल्यांकडे ती त्याच्या बरीच आधीपासून होती.

आपल्याला चार खोल्या पुरतात. पहिलीत केसची कागदपत्रं. दुसरीत पत्रव्यवहार: ईमेल, व्हॉट्सॲप. तिसरीत हिशेब. चौथीत अंक, पोस्टर आणि येणाऱ्याला दाखवायची माहितीपत्रकं. कुणी समोर बसलं की चौथी खोली पुढे घ्यायची.

विंडोजवर विंडोजची कळ आणि टॅब एकत्र दाबा. सगळे पट दिसतील, नवा पट करायची जागाही तिथेच. खिडकीच्या छोट्या चित्रावर राइट क्लिक केलं की ‘मूव्ह टू’ येतं. त्यातून ती हव्या त्या पटावर पाठवा. तिथेच ती सर्व पटांवर दाखवायचीही सोय आहे, म्हणजे कनवटीच्या किल्लीसारखी. पटांवर जा-ये करायला कंट्रोल, विंडोज आणि डावा-उजवा बाण. विंडोज 11 मध्ये प्रत्येक पटाला वेगळं नाव आणि वेगळं चित्र देता येतं. चित्र जरूर द्या. वाचायची सवय कमी असलेल्या मैत्रिणीलाही आपण कुठल्या खोलीत आहोत हे रंगावरून कळतं. मात्र अमुक ॲप कायम अमुक पटावरच उघडावं, असा नियम लावायची सोय विंडोजमध्ये मुळात दिलेली नाही. ज्या पटावर काम आहे तिथे आधी जायचं आणि मग ॲप उघडायचं, ही सवयच लावून घ्यावी लागते.

मॅकवर तसा नियम लावता येतो. आधी हव्या त्या पटावर जा. खालच्या पट्टीतल्या ॲपच्या चित्रावर राइट क्लिक, मग ‘ऑप्शन्स’, आणि ‘असाइन टू’ मध्ये ‘धिस डेस्कटॉप’. लिनक्सवर केडीई असेल तर खिडकीच्या शीर्षकपट्टीवरून त्या ॲपसाठी खास नियम लिहिता येतो. ग्नोममध्ये ‘ऑटो मूव्ह विंडोज’ नावाची जोड हेच करते.

एक अडचण लगेच येईल. मॅकवरचा नियम अख्ख्या ॲपला लागतो, एकेका खिडकीला नाही. ईमेल, व्हॉट्सॲप, कोर्टाची वेबसाइट हे सगळं एकाच ब्राउझरमध्ये असेल, तर ते सगळं एकाच खोलीत जमेल. त्यावर सोपा उपाय म्हणजे दोन ब्राउझर ठेवायचे: एक पत्रव्यवहाराला, एक केसच्या कामाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, ते नीट ऐका. या खोल्यांना भिंती नाहीत. मधे नुसता पडदा आहे, आणि पडद्याला कुलूप नसतं. जी कळ तुम्हाला येते ती समोरच्यालाही येते. सगळे पट एकाच खात्यातले असतात. फायली त्याच, अलीकडे उघडलेल्या कागदपत्रांची यादी तीच, ब्राउझरचा इतिहासही तोच. तुम्ही चौथ्या खोलीत असलात तरी व्हॉट्सॲपचा निरोप स्क्रीनच्या कोपऱ्यात झळकू शकतो. पट बंद केला म्हणजे त्यावरची कागदपत्रं बंद होत नाहीत. ती शेजारच्या पटावर येऊन बसतात. विंडोजमध्ये खालच्या पट्टीत फक्त चालू पटावरच्या खिडक्या दिसाव्यात अशी निवड ‘सेटिंग्ज’मध्ये ‘मल्टिटास्किंग’खाली आहे. ती एकदा तपासून घ्या, आणि बैठकीआधी निरोपांच्या सूचना बंद करा. केसच्या फायलींसाठी मात्र संगणकावर वेगळं खातं हवं, त्याला पासवर्ड हवा, आणि खुर्चीवरून उठताना विंडोजची कळ आणि एल दाबून संगणक बंदिस्त करायची सवय हवी.

हा फरक केंद्रापेक्षाही घरात जास्त महत्त्वाचा आहे. आपल्याकडे येणारी बाई घरच्या संगणकावर अर्ज लिहीत असेल, वकिलाला ईमेल करत असेल. दुसऱ्या डेस्कटॉपवर ठेवलं की नवऱ्याला दिसणार नाही, असा सल्ला तिला चुकूनही देऊ नका. तिच्या जिवाशी खेळ होईल. संगणकाचं मुख्य, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर खातं नवऱ्याच्या हातात असेल, तर तिच्या वेगळ्या खात्यातल्या फायलींपर्यंतही तो पोचू शकतो. पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर कुठला पट पुढे आहे हे विचारत नाही. अशा बाईनं ते काम तो संगणक सोडून, केंद्रात किंवा खात्रीच्या मैत्रिणीकडे करावं.

आणि आपल्या केंद्राचं मुख्य खातं कुणाकडे आहे? पुष्कळ ठिकाणी संगणक दुरुस्त करायला येणाऱ्याला पासवर्ड पाठ असतो आणि आपल्यापैकी एकीलाही तो माहीत नसतो. कपाटाची किल्ली आपण कुणा परक्याकडे ठेवली असती का? तो पासवर्ड बदलायचा, आणि तो कुणाकुणाकडे राहील हे सगळ्यांनी बसून ठरवायचं.

आता दोघीदोघी एकेका संगणकापाशी बसा. एकीनं चार पट करायचे, दुसरीनं समोरच्या खुर्चीत बसून काय काय दिसतं ते सांगायचं. मग जागा बदला. चहा झाल्यावर शंका घेऊ.