क्लिक न करताही घर फुटते तेव्हा



संगणकाच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपण एकमेकांना एकच सल्ला देतो : अनोळखी लिंकवर क्लिक करू नका. सल्ला चांगला आहे, पण तेवढ्याने भागत नाही. का, ते एका घडलेल्या प्रकरणातून सांगतो.

१४ मार्च २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजवरच्या आउटलुकमधली एक त्रुटी जाहीर केली आणि त्याच दिवशी तिची दुरुस्तीही दिली. त्रुटीची तीव्रता १० पैकी ९.८ होती. युक्रेनच्या सरकारी सायबर पथकाने ती कळवली होती. रशियातल्या एका गटाने युरोपातल्या काही सरकारी, लष्करी, ऊर्जा आणि वाहतूक संस्थांविरुद्ध ती वापरली, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले. खुणा एप्रिल २०२२ पासूनच्या मिळाल्या.

हे चालायचे कसे? आउटलुक भेटीची आठवण करून देताना घंटी वाजवते. कोणता आवाज वाजवायचा, हे निमंत्रण पाठवणाऱ्यालाही ठरवता येत होते. हल्लेखोर तिथे स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता घालायचा. आठवणीची वेळ झाली की तुमचा संगणक आवाज आणायला तिकडे जायचा आणि जाताना तुमच्या पासवर्डपासून तयार झालेला ओळखीचा पुरावा देऊन यायचा. त्या पुराव्यावर हल्लेखोर तुमच्या नावाने दुसरीकडे शिरू शकत होता. तुम्ही मेल उघडायचीही गरज नव्हती.

आता आपल्या संस्थेच्या कार्यालयातला संगणक डोळ्यांसमोर आणा. त्यात पोटगीच्या दाव्यांची कागदपत्रे आहेत, शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत, आधारच्या प्रती आहेत. एखाद्या बहिणीने विश्वासाने लिहिलेली घरची हकिगत आहे. ही सगळी लोकांची अमानत आहे. आणि अपडेट मात्र बंद, कारण ‘नेट संपते’ किंवा सॉफ्टवेअरच चोरीचे.

म्हणून चार कामे करा. विंडोज आणि ऑफिसचे अपडेट आपोआप होतील असे ठेवा. पासवर्ड बदला, कारण दुरुस्तीने पुढची चोरी थांबते, गेलेले परत येत नाही. नेटवर्क पाहणाऱ्या माणसाला सांगून पोर्ट ४४५ वरून बाहेर जाणारी वाट बंद करून घ्या. हा पुरावा मुख्यतः त्याच वाटेने जात होता. आणि ऑफिस २०१३ सारखी जुनी आवृत्ती काढून टाका. तिला मिळणारा आधार ११ एप्रिल २०२३ लाच संपला.

एकदा केले म्हणजे झाले, असेही समजू नका. मार्चमधली दुरुस्ती पत्त्यात एक जादा तिरकी रेघ घालून चुकवता येते, हे एका संशोधकाने दाखवले. ९ मे रोजी पुन्हा दुरुस्ती द्यावी लागली.

सगळ्यांचे काम कोणाचेच नसते. तेव्हा आज उठण्यापूर्वी प्रत्येक शाखेने एकाचे नाव ठरवावे. दर महिन्याला अपडेट तपासून बैठकीत दोन वाक्यांत सांगणे, एवढीच त्याची किंवा तिची जबाबदारी. कोण घेते, हात वर करा.